चिठ्ठीची मागची बाजू

२ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू पाय मोडून घरी बसलीस आणि इकडे दादाने तुझ्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचे खण उचलून नाट्यकोश छपाईला धाडला. प्रुफं तपासायला माझ्याच टेबलावर आलीत. मुखपृष्ठावर एकट्या दादाचं नाव! तुझी बारा वर्षं कुठेच नाहीत. नुसता संताप झाला.

एक शंका. 'पुल्पितुम' म्हणजे लॅटिनमध्ये नाटकाचा फळ्यांचा मंच. पुढे प्रवचनाच्या चौथऱ्याला आणि लिहायच्या मेजालाही त्यावरूनच नावं मिळाली, इथवर ठीक. पण 'पुल्पितस नावाच्या सुताराने पहिला मंच बांधला म्हणून हे नाव', हे कुठून आलं? खोडू का?

गोळ्या वेळेवर घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

६ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

खबरदार खोडशील तर! तो सुतार माझाच. शब्दाचं मूळ कुणालाच ठाऊक नाही. गेल्या वर्षी दादाने माझा लेख स्वतःच्या नावावर खपवला, त्याच दिवशी मी हा सुतार जन्माला घातला. कोशाच्या कचेरीचा नियम तुला माहीत आहे: चिठ्ठीच्या समोर अर्थ, मागे आधार आणि सही. दादा चिठ्ठी कधी उलटत नाही, आणि 'माहीत नाही' म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. प्रकाशनाला तो सुतार मिरवणारच. तू पुढच्या रांगेत बस आणि डोळे भरून बघ.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आहेस तशीच माझी राहा.

ताई

२१ जून

ती. ताईस शि. सा. न.

दादाने मंचावरून सुताराच्या रंध्याचंसुद्धा वर्णन केलं. टाळ्या पडल्या. मग त्याच्या जुन्या सरांनी आधार विचारला. दादाने ऐटीत खिशातून चिठ्ठी काढून दिली. सरांनी ती उलटली आणि मोठ्याने वाचली: आधार नाही, हा सुतार मी चोर ओळखायला रचला. खाली तुझी सही आणि तारीख.

आधी मला हसू आवरेना. मग दादा स्वतःच्या नावाच्या प्रती एकेक करून खोक्यात भरू लागला, ते बघून हसू विरलं. कोश मागे घेतलाय, आता तुझं नाव लागेल. शुद्धिपत्रकासाठी शब्दाचं खरं मूळ तुला विचारायला त्याने मला सांगितलंय. स्वतः लिहायची हिंमत नाही.

माझ्यावर रागावू नकोस.

धाकटी

२४ जून

ती. दादास सा. न.

धाकटीकरवी विचारलंस: मूळ माहीत नाही. शुद्धिपत्रकात एवढंच लिही, तुझ्या हाताने, आणि मागे सही करून चिठ्ठी मला पाठव. मी उलटून बघेन. 'लोभ असावा' हे त्यानंतर लिहीन.

तुझी बहीण