उपरण्याखालचा भाव

नाशिक, शनिवार, १५ नोव्हेंबर २००८

आज थोरल्या मुलाबरोबर, विलासबरोबर, गंगापूर रोडला, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी नवी गाडी बघायला गेलो. विक्रेता म्हणाला, "भाव ठरलेला आहे, बाबा." माझी बैलबाजाराची सवय जाते कुठे? त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून दोन बोटं दाबली. म्हणजे वीस हजार कमी करा. विलास ओशाळला. "अण्णा, ही काय बैलजोडी आहे का?"

पण विक्रेता निघाला पेठचा, बैलांच्या दलालाचा मुलगा. त्याने उलट माझी चार बोटं दाबली. चाळीस! विलासला सांगितलं तर तो खूश. मला मात्र ती चार बोटं टोचायला लागली. मागितल्यापेक्षा जास्त कोण सोडतं? सरळ विचारलं, "खोड काय आहे हिच्यात?"

साहेबाच्या केबिनकडे बघत तो हळूच म्हणाला, "बॅटरी बिघडली तर नाशकात काम होत नाही, बाबा. मुंबईला न्यावी लागते."

विलास म्हणाला, "चला, दुसरीकडे बघू." मी तिथेच इसार दिला. घरी आल्यापासून त्याची कुरकुर चालू आहे. दुसरीकडे भाव आणखी उतरलाही असता. खोड कुणी सांगितली असती का?