सुरंगी, अबोली आणि सुकट

प्रिय रुपाली,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. तुझे बाबा पडवीत टेबलफॅन उघडून बसलेत. एस्टी डेपोतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी त्यांच्या हाताला रोज काहीतरी खोलायला लागतं. हा पंखा चांगला चालू होता, आता चालेल की नाही देव जाणे. फोन केला असता, पण फोनवर तू घाईत असतेस आणि मी घाबरलेली. "जेवलात का", "ऊन फार आहे का", एवढं दोघी मिळून बोलतो आणि ठेवतो. आणि मला सांगायचंय ते लांबलचक आहे.

आधी बातमी देते. यंदा सुरंगी फुलली आहे ती अशी की फांदीचं लाकूड दिसत नाही, नुसत्या कळ्या. पहाटेच झाडाखाली जाते. एकदा उमलली की मधमाश्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार! पहिलीत होतीस तू. नको म्हणताना हट्टाने माझ्याबरोबर आलीस आणि ओठावर माशी डसली. ओठ फुगून बटाटेवड्याएवढा झाला. तरी शाळा बुडवली नाहीस. बाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "सुरंगी खाल्ली." बाई संध्याकाळी घरी आल्या, मुलांना फुलं खायला देता का म्हणून जाब विचारायला! मी त्यांना केसांत माळायला दोन वळेसर देऊन पाठवलं. परवा त्या मारुती मंदिराच्या नाक्यावर माझ्याकडे फुलं घ्यायला थांबल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेत, पण तुझी आठवण काढून रस्त्यात उभ्या राहून हसल्या.

आता दुसरी गोष्ट. ही मी चार वर्षं तुझ्यापासून लपवली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला होता, आठवतं? अंग दुखतंय एवढंच, असं मी तुला सांगितलं होतं. ताप चौथ्या दिवशी गेला, पण जाताना माझा वास घेऊन गेला. काहीच येईना. उदबत्ती नाही, फोडणी नाही, रॉकेल नाही. आठ दिवसांत येईल म्हणून गप्प राहिले, मग महिन्यात येईल म्हणून. नंतर लाज वाटायला लागली. जन्मभर फुलं विकली आणि आता मोगरा आणि कागद मला सारखाच! गिऱ्हाईक टोपलीवर वाकून "अहाहा" म्हणायचं आणि मीही "हो ना" म्हणायची. खोटं बोलल्यासारखं वाटायचं गो. त्या दिवसांत एकटी अबोली तेवढी माझी. तिला मुळात वासच नाही, त्यामुळे तिने मला कधी फसवलं नाही. तिचे वळेसर मी जरा जास्तच करायला लागले होते. बाबा म्हणायचे, "अगो, लोकांना दुसरं पण काही लागतं."

ह्या सगळ्यात तुझे बाबा माझं नाक झाले. दूध नासलंय का, भात लागतोय का, गॅस नीट बंद आहे का, सगळं तेच हुंगायचे. ज्या माणसाला तीस वर्षं डिझेलशिवाय कसला वास कळला नाही, तो माणूस पातेल्यात तोंड घालून मला सांगायचा, "आंबट नाही, पण विचारात आहे." एरवी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारे, पण त्या दिवसांत जे ताटात पडेल ते खाल्लं त्यांनी. तू बाळंतपणाला आली होतीस तेव्हा मी खवट खोबऱ्याचं सार वाढलं होतं. एक घास घेऊन तू पान सारलंस. "आई, तुझं लक्ष असतं कुठे हल्ली?" म्हणालीस. बाबा मात्र दुसऱ्यांदा मागून घेऊन जेवले. मी त्यांना बजावलं होतं ना, पोटुशी पोर आहे, तिच्या डोक्याला घोर नको, काही सांगायचं नाही म्हणून.

नंतर त्यांनीच मला रत्नागिरीत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ह्याला गोळी नाही. रोज दोन वेळा ओळखीच्या चार वस्तू नाकाशी धरायच्या, डोळे मिटायचे आणि तो वास आठवायचा. कधी कधी आठवणीतून वाट सापडते म्हणाल्या. बाबांनी लगेच विचारलं, "डॉक्टर, फुलं चालतील का?" त्या हसल्या. चालतील म्हणाल्या.

मग काय, रोज सकाळ-संध्याकाळ आमचा कार्यक्रम. बकुळ घेतली की मी आईकडच्या देवळामागे जायची. आम्ही बहिणी परकराच्या ओच्यात बकुळ वेचायचो आणि केळीच्या सोपाच्या धाग्यात ओवायचो. थोरलीच्या लग्नात तिच्या ट्रंकेत मी एक माळ टाकली होती. वर्षभराने ती माहेरी आली ती साड्यांच्या घड्यांना तोच वास घेऊन. सोनचाफा घेतला की तुझी आजी आठवायची. पहिलं फूल देवाला म्हणायची आणि हळूच माझ्या अंबाड्यात खोचायची. देवाला दुसरं. आणि अनंत! हे तुला कधी सांगितलं नाही. लग्न ठरलं, पण अजून झालं नव्हतं. बाबा डेपोतून सुटून सायकलने आमच्या दारात आले आणि अनंताचं एक फूल माझ्या हातावर ठेवून तसेच परत गेले. पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांवर ग्रीसची काळी बोटं उठली होती, पाचच्या पाच. अनंताचा वास आणि त्यात ग्रीस. मी ते फूल सुकेपर्यंत उशाखाली ठेवलं. तीन वर्षं मी रोज डोळे मिटून ह्या सगळ्यांना भेटून यायची. वास यायचा नाही, पण माणसं यायची. उठताना कधी रिकाम्या मनाने उठले नाही.

आणि आला कसा माहीत आहे? संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन एस्टीत बसले. शेजारी मिरकरवाड्याची मथुरा, सुकटीची पाटी पायाशी घेऊन. पुढच्या बाकावरच्या बाईने नाकाला पदर लावला. आणि मला, रुपाली, नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं. खारट, उग्र. मी खाली वाकले. आणखी वाकले. सुकट! सुकटीचा वास! मी पाटीवर तोंड धरून रडायला लागले. मथुरा घाबरली. "काय गो बाय, रडतंस कशाला? उपाशी हायस काय?" माझे हुंदके थांबेनात, तर तिने ओंजळभर सुकट कागदात बांधून माझ्या मांडीवर ठेवली. "घे. घरी जाऊन चटणी कर नि खा पोटभर." सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी तो पुडा फुलांच्या टोपलीत ठेवला. त्या दिवशी माझ्याकडची फुलं कुणी का घेतली नाहीत ते तुला कळलंच असेल.

मग एकेक वास परत आला, पाहुणे यावेत तसा. कॉफी आधी जळक्या रबरासारखी आली, मग सुधारली. शेण, कढीलिंब, ओली माती. बाबा माझे डोळे बांधून परीक्षा घ्यायचे. एकदा नाकाखाली त्यांचं ग्रीसचं फडकं धरलं. मी म्हटलं, अनंत. ते लाजले. ह्या वयात! आणि गेल्या मंगळवारी पहाटे सुरंगीखाली चादर अंथरायला गेले, तो झाडाच्या दहा पावलं अलीकडेच तिने मला गाठलं. मी चादर तशीच खांद्यावर घेऊन उभी राहिले. त्या दिवशी कळ्या काढायला उशीर झाला आणि निम्म्या माश्यांनी नेल्या. नेऊ देत.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. सानवी झाली त्या दिवशी नर्सने तिला माझ्या हातात दिलं. मी तिची टाळू हुंगली. काही नाही. पुन्हा हुंगली. कुणीतरी बाळाचा फोटो हातात दिल्यासारखं झालं मला. माझी नात, आणि मला तिचा वास नाही. रडू फुटेल म्हणून तिला नर्सकडे परत देऊन मी बाहेर गेले. आत आले तेव्हा तू म्हणालीस, "मुलगी झाली म्हणून ना, आई?" आणि मी गप्प बसले. सांगायला हवं होतं. तू सव्वा महिन्यात मुंबईला गेलीस, ती तीन वर्षं आली नाहीस. तुझा राग बरोबर होता. त्यामागचं कारण तेवढं चुकीचं होतं गो. टाळूचा तो वास आता मला मिळायचा नाही, ती मोठी झाली. पण तीन वर्षांच्या पोरीच्या डोक्याला घाम असतो, धूळ असते, खाल्लेल्या बिस्किटाचा चुरा असतो, तो मला हवाय. बाबांनी रविवारची तिकिटं काढली आहेत. आम्ही दुपारपर्यंत तुझ्या दारात असू. तू काही बोलली नाहीस तरी चालेल, नुसतं दार उघड. मी आधी तुझं डोकं हुंगणार आहे, मग तिचं. तुझा नंबर पहिला, कारण तू माझी पहिली.

तुझीच,
आई