मंगळवारची दिशा

९ नोव्हेंबर, बुधवार

आज एकशे चाळीस सह्या झाल्या. पेन दोनदा गोठलं. काखेत धरून पुन्हा चालू केलं.

कोळशाच्या ट्रकांची रांग सीमेच्या फाटकापासून पार विहिरीपुढे गेली आहे. माझं काम सोपं — केबिनवर टकटक करायची, कागद पुढे करायचा. मोठे लामा येणार आहेत, तर सरकारनं त्यांना राजवाड्यात बोलवावं. गालिचा अंथरावा, सैनिकांनी सलामी द्यावी. मठाचा पाहुणा म्हणून मागच्या दारानं आणू नये.

बहुतेक जण सही करतात. गोंबोकाका मात्र वाद घालत बसले. आईच्या माहेरकडचे, तीस वर्षं ट्रक चालवतात. म्हणाले, "साधू म्हणून येऊ दे की. मठात जाऊन डोकं टेकू. गालिचा कशाला? शेजाऱ्याला हे लामा खपत नाहीत. इकडे गालिचा पसरला की तिकडे फाटक पडतं."

मी म्हटलं, "आपल्या घरी कुणाला बोलवायचं ते दक्षिणेच्या शेजाऱ्यानं ठरवायचं का?"

"घर तुझं. पण पीठ, बटाटे, औषधं त्याच्याकडून येतात. आणि कोळसा दुसरं कोण घेतं रे?"

तरी सही केली. "लामांसाठी करतोय, तुझ्यासाठी नाही. आणि रांगेत शेवटी मीच अडकणार, लिहून ठेव."

लिहून ठेवलं.

परत येताना तीन पायांचं एक कुत्रं दिसलं. त्याच्यामागे गेलो, ते कुठे राहतं बघायला. कुठेच राहत नाही. तासभर त्यात गेला.

१० नोव्हेंबर

ताईनं कागद फाडता फाडता ठेवला. तिची खानावळ एका जुन्या कंटेनरमध्ये आहे. मटण भरलेले बूझ वाफवत होती, हात पिठाचे, म्हणून वाचला.

"न्याम्का, तुला दुसरा उद्योग नाही का? आईचा डावा डोळा एकवीस तारखेला आहे. फाटकापलीकडे. विसरलास?"

विसरलो नाही. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला. आता डाव्याचा पडदा सुटायला लागलाय. राजधानीतल्या इस्पितळाची यादी वसंतापर्यंत भरलेली, म्हणून ताईनं पलीकडच्या शहरात तारीख मिळवली. चार महिने फोन केले, त्यांच्या भाषेत, त्यांच्या नर्सेसना 'ताई, ताई' करत. येत्या मंगळवारी मी आईला घेऊन पलीकडे जायचं. आधी तपासण्या, मग सोमवारी ऑपरेशन.

"ते आले तर येऊ देत," ताई म्हणाली. "पण महिनाभरानं येऊ देत."

आई कोपऱ्यात मिठाचा चहा ओतत होती. वाटीत बोट बुडवून अंदाज घेते हल्ली. म्हणाली, "त्यांचं वय काय माहीत आहे का तुला? महिनाभरानं कोण राहील, कोण नाही."

१२ नोव्हेंबर

दोनशे चौदा! कागद राजधानीला जाणाऱ्या व्हॅनवाल्याकडे दिला. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं — सरकार लामांचं राजवाड्यात स्वागत करणार, गुरुवारी. आईनं रेडिओला हात जोडले. मग जपमाळ काढली. तिचं तोंड एवढं उजळलेलं मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

गुरुवारी. राजधानी उत्तरेला, आणि आम्ही मंगळवारी दक्षिणेला.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज एक गोष्ट केली. इथेच लिहितो, दुसरीकडे सांगायची सोय नाही.

आई पंचांग पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. कुठल्या दिवशी केस कापावेत, कुठल्या दिशेला निघावं, सगळं त्यात. तिला आता अक्षरं दिसत नाहीत. म्हणाली, "मंगळवार वाच रे."

छापलं होतं — दक्षिणेचा प्रवास उत्तम, उत्तरेचा टाळावा.

मी वाचलं — उत्तरेचा प्रवास उत्तम, दक्षिणेचा टाळावा. शनिवारपर्यंत टाळावा.

आईनं जपमाळेचे दोन मणी ओढले. मग म्हणाली, "बरं. मग उत्तरेला जाऊ."

ताई खवळली. "डोळा जायची पाळी आली आणि तुम्ही दिशा बघताय?" पण आईपुढे तिचं चालत नाही. तिनं पलीकडे फोन लावला. डॉक्टर म्हणाला, शनिवार संध्याकाळपर्यंत आलात तरी चालेल, त्यापुढे नाही.

म्हणजे दोन्ही जमतंय. हिशोब बरोबर आहे माझा. आईला लामांना बघायचं होतं. मलाही — मी तर सह्या गोळा केलेल्या. शाळा सातवीत सोडली, सोनं खणायला गेलो, घोडे राखले, कशाचं काही झालं नाही. हे एक झालं.

१५ नोव्हेंबर

व्हॅनमध्ये अकरा माणसं आणि एक कापलेली मेंढी. निघताना ताईनं रीतीप्रमाणे चाकांमागे दूध शिंपडलं. माझ्याकडे बघितलं नाही. आई उत्तरेकडे तोंड करून बसली, नवऱ्याच्या घरी निघालेल्या मुलीसारखी नटून.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

राजधानीच्या चौकात सकाळपासून उभे. पाय कुणाचे आहेत तेच कळेना. आईनं लामांना वाहायचा निळा रेशमी खदग उपरण्यासारखा दोन्ही हातांवर आडवा धरला होता, तीन तास. रेशीम थंडीनं ताठ झालेलं. "हात खाली कर, अजून वेळ आहे," म्हटलं. ऐकलं नाही.

मागे एक शिकलेली पोरगी तिच्या मैत्रिणीला सांगत होती, "सरकारला कसला आलाय धर्म? उद्या भगत येतील, त्यांनाही सलामी देणार का?"

एक म्हातारा वळून म्हणाला, "पोरी, माझ्या बापाला नुसती जपमाळ सापडली म्हणून उचलून नेलं होतं. सरकारनंच. त्याच सरकारनं आज सलामी द्यायला हवी." मला दोघांचंही पटलं. माझं हे असंच.

बिगुल वाजलं. मोटारी आल्या आणि गेल्या. काचा काळ्या होत्या.

"हात हलवला ना त्यांनी?" आईनं विचारलं.

"हलवला," मी म्हटलं. "आपल्याकडे बघून."

"मला काहीतरी पिवळं दिसलं," ती म्हणाली. खदग घडी करून छातीशी ठेवला. देता आलाच नाही.

१८ नोव्हेंबर

फाटक बंद.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा कळलं. ट्रक बंद, माणसं बंद. कारण — 'दुरुस्ती'.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आईला घेऊन फाटकाशी उभा राहिलो. इस्पितळाचा कागद दाखवला. शिपाई तरुण होता, माझ्याच वयाचा. कागद वाचला, परत दिला, नजर चुकवली. ताई त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलली, मग रागावली, मग विनवण्या केल्या. ताईला विनवणी करताना मी कधी पाहिलं नव्हतं. बघवलं नाही. आई म्हणाली, "त्या पोराला नका रे छळू. त्याच्या हातात काय आहे."

२१ नोव्हेंबर

आजची तारीख होती.

२४ नोव्हेंबर

रांग हलत नाही. उणे पंचवीस. ड्रायव्हर ट्रकांशेजारी टायरचे तुकडे जाळतात, तोंडं काळी. हेच ते दोनशे चौदा. मला वाटलं शिव्या घालतील. कुणी घातल्या नाहीत. गोंबोकाकांना बूझ नेऊन दिले, म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"मोठा होऊ नकोस उगाच. तुझ्या कागदात त्या व्हॅनवाल्यानं मटण गुंडाळलं असेल." मग खाता खाता म्हणाले, "आई कशी आहे?"

मी केबिनमधून खाली उतरलो.

२७ नोव्हेंबर

सकाळी आईनं विचारलं, दिवा का नाही लावला. दिवा लावलेला होता.

६ डिसेंबर

फाटक अर्धं उघडलं. ताईनं पुन्हा फोन केला. डॉक्टर म्हणाला, आता आणून उपयोग नाही. ताई खानावळीत गेली आणि दिवसभर पीठ मळत राहिली. गिऱ्हाईक नव्हतं.

तिला वाटतं, पंचांगानं घात केला. पंचांग चुलीत घालायला निघाली होती. मी हातातून काढून घेतलं. बोलायला हवं होतं.

१९ डिसेंबर

टीव्हीवर मंत्री म्हणाला, लामांना यापुढे बोलावणार नाही. आईनं आवाज बंद करायला सांगितला.

ठरवलं. उद्या आधी आईला सांगायचं, मग ताईला. ताई हाकलून देईल. देऊ दे.

२० डिसेंबर, मंगळवार

आईला सांगितलं. ती माळ ओढत राहिली. मग म्हणाली, "तो मंगळवार गोंबोनं मला आधीच वाचून दाखवला होता. दक्षिण उत्तम होती. तू उलटं वाचलंस आणि मी 'बरं' म्हटलं. मला जायचंच होतं रे."

आणि मग, "ताईला सांगू नकोस. चार महिने फोन केले तिनं."