बुढ्याचं ढिलं कोपर

९ जाने., शुक्र.
सगळ्यात आधी आली शेजारची मंदा, चहाचा वास लागल्यावानी. कडेवर लेकरू, दुसरी बाही रिकामी. कापसाच्या जिनिंगात हात गेला बिचारीचा, आमच्या बुढ्याचा गेलता तसाच. मागून गाडीनं नात रीना आन् तिचे सर. नागपुरात नकली हात बनवतात दोघं. माही नात! सर लाजत लाजत सगळा चिवडा खाऊन गेले.
खुंटीवरचा बुढ्याचा हात रीनानं काढला. पोळ्याले बुढा गेला तवापासून तिथंच हाय. वाऱ्यानं कोपर हालते, मी म्हणते, आली, थांबा जरा.
मंदाले खांद्यावर बसते ते खोबण नवी, कोपर हेच लावणार. कोपराले चकरी हाय. इकडं फिरवली का कडक, तिकडं फिरवली का ढिलं. सर म्हणे, "इतकं ढिलं? याने लोटाही उचलला नसेल. आमचंच चुकलं."

१० जाने., शनि.
चुकलं नाई काही. पहिले कडकच होतं. निजताना बुढा पाठीवर हात टाके, लाकूड पडल्यावानी लागे. मी ओरडली, "हाड मोडता का माहं?" मंग ओसरीत बसून चकरी फिरवे, माह्या पाठीवर हात ठेवून पाहे. "आता?" "अजून जराक." जमलं तवा असा हासला! चकरीले माहं नेलपॉलिश लावून टाकलं, हालू नोय म्हणून. पाणी डाव्या हातानं भरे.
नातीले हे कसं सांगाव? आन् सरासमोर...

२५ जाने., रवि.
आले दोघं. नवी खोबण मंदाले बरोबर बसली. चकरी मात्र हालेना. नेलपॉलिशचं मी बोललीच नाई. मंदानं तसाच हात लेकराच्या पाठीवर ठेवला. थाप, थाप. लेकरू निजलं. माही पाठ गरम झाली. वळून पाह्यलं, मागं भिंत. मले हासूच आलं.
"मंदा, असंच राहू दे ना व."
"आजी, लेकरू निजवाले एक हात हाय मले. बादली कोण उचलंन?"
खरं हाय तिचं.
रीनानं हात परत खुंटीवर ठेवला. "आजी, चकरीसाठी बारीक पेचकस घेऊन येते."
वारा नाई, तरी कोपर हालून राह्यलं. आली, म्हटलं.
गुरवारी येतो म्हणाले.