पाशा मिस्त्रींनी केलेली खूण

३ फेब्रु.
वडवणीच्या अभ्यासिकेच्या भिंतीला तडा. कोपऱ्यातला कॉलम खचलाय. नकाशे माझे, काम पाशा मिस्त्रींचं. संस्थेचे अध्यक्ष फोनवर तडकले. मी बोलून गेले, "बांधकामात हयगय झाली असणार." न बघता! चार महिन्यांत बीडहून दोनदा गेले असेन तिथं.

४ फेब्रु.
अध्यक्षांनी मिस्त्रींना काढलं. साठीचा माणूस, सगळ्यांसमोर. मला एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमी तरी इचारायचं व्हतं." वाटलं, सारवासारव करतायत.

७ फेब्रु.
कोपरा उकरला. खाली बुजवलेली जुनी विहीर. आमचा सुपरवायझर गणेश गाडीकडे गेला. डिकीतून नकाशा काढला, सिमेंटनं माखलेला. त्याच कॉलमभोवती लाल पेन्सिलीचा गोल. शेजारी मिस्त्रींचं अक्षर : इहीर.
"मला का नाही दाखवलास?"
"मिस्त्रींनी तुमच्यासाठीच दिल्ता, पर लई मळला व्हता, मॅडम. तुमच्यापुढं असला कागद कसा ठिवायचा? दर येळी साइटला कोरी प्रतच न्यायचो."
मागं एकदा चहाच्या डागावरून याला फैलावर घेतलं होतं मी. गाडीत बसून रडले.

८ फेब्रु.
अध्यक्षांना लेखी दिलं : चूक माझ्या ऑफिसची. दुरुस्ती मी करून देणार, मिस्त्री माझ्या पसंतीचा. म्हणाले, "आता कशाला उकरता? मिटलंय की." कुणाचं मिटलं?
पुढचं काम बहुतेक गेलं. जाऊ दे.

११ फेब्रु.
मिस्त्रींच्या घरी. लेकीनं पाणी दिलं. कडा गावच्या साइटवाल्यांनीही त्यांना येऊ नका म्हणून कळवलंय. माफी मागितली. म्हटलं, कोपऱ्याची आखणी आपण दोघं जमिनीवर, चुन्यानं करू. तुम्ही सांगाल तसं मी बदलते.
मिस्त्रींनी माझा रिकामा पेला लेकीकडे दिला. मग,
"कोरा कागद माघारी आला, मला वाटलं मॅडमनी बघून बी तसंच ठिवलं. शिकल्याली माणसं, कायतरी हिशेब आसंल. मग कशाला बोलू?"

सोमवारी या म्हटलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दारापर्यंत मात्र सोडायला आले.

१६ फेब्रु., सोमवार
नऊला पोचले. चुना, दोरी, मोठा नकाशा. साडेअकरा झालेत, मिस्त्री आलेले नाहीत. गणेश विचारतोय, करायची का सुरुवात?
थांब म्हटलं.