चाळिसाव्या मिनिटाला अडकणारी डिस्क

१७ जानेवारी, दुपार

लाडक्या शेंडेफळास,

तुझं पत्र परवा मिळालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा उजवा हात अजून उचलत नाही आणि बोलणं म्हणजे नुसतं "अं, अं". पण जेवण नीट जातं. सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या की त्यांच्याकडे पाठ करून झोपेचं सोंग घेते. म्हणजे मूळची खोड शाबूत आहे!

आता डिस्कचं. मागच्या पत्रात मी लिहिलेले सगळे उपाय तू इमानाने केलेस. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसलीस, शेजाऱ्यांच्या प्लेयरवर लावलीस, ऑफिसातल्या कम्प्युटरवरही लावलीस. तरी चाळिसाव्या मिनिटाला चित्राचे चौकोन होतात, आईचं तोंड उघडंच राहतं आणि आवाज तुटतो. "आमचाच प्लेयर जुना झाला असेल, म्हणून नवा आणला," असं तू लिहिलंस. ते वाचून मी पत्राची घडी केली आणि भांड्यांच्या फळीवर ठेवून दिलं. दोन दिवस त्याला हात लावला नाही.

प्लेयर परत घेत असतील तर देऊन टाक. दोष त्याचा नाही.

आईच्या पंचाहत्तरीचं शूटिंग मी केलं. एडिटिंग शिकण्यात दोन महिने गेले. अख्ख्या व्हिडिओत मी कुठेच नाही, कारण कॅमेरा माझ्या हातात होता. पाच डिस्क बर्न केल्या. पहिली घाईघाईत, सगळ्यात जास्त वेगावर. लावून बघितली तर शेवटी अडकली. शेवटचा भाग डिस्कच्या कडेला लिहिला जातो, घाई केली की गडबड तिथेच होते. मग वेग कमी करून चार केल्या, चारही झकास निघाल्या. मामा, मावशी आणि आत्याला त्यातल्या गेल्या, एक घरी ठेवली.

अडकणारी तुला पाठवली. समजून उमजून.

ती अडकते तिथे काय आहे ते तुला अजून ठाऊक नाही. तू जवळ नसताना मामाने आईला विचारलं होतं, "काय गं, पंचाहत्तरी झाली, आता काय हवंय तुला?" आई म्हणाली, "मला काही नको. धाकटी आली ना, की माझे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात."

पंचाहत्तरीला तू चार दिवस आली होतीस गं. त्या गुडघ्यांना नऊ वर्षं रोज संध्याकाळी मी तेल चोळतेय. त्या दिवशीही चोळलं होतं. एडिट करताना तेवढं वाक्य उडवायला गेले, पण हात धजेना. आणि मग पहिली डिस्क नेमकी तिथेच अडकली. "बरं झालं!" असं मी एकटीच मोठ्याने म्हणाले. बाकीच्यांचं चांगलं पॅकिंग केलं, तुझं तर त्याहून सुबक.

तेव्हा आई बोलत होती. म्हटलं, फोनवर दोघींचं गुळपीठ चालूच असतं, हिला डिस्कचं काय एवढं? सहा आठवड्यांनी आईला झटका आला. त्यावर तू "निदान आईचा आवाज तरी ऐकायचाय" म्हणून लिहिलंस, आणि मी बया तुला फडकी सांगत बसले.

काल आईसमोर घरची डिस्क लावली. स्वतःचा आवाज ऐकून ती आधी दचकली, मग हसली. डाव्या हाताने पडद्याकडे आणि मग दाराकडे बोट दाखवायला लागली. पुन्हा पुन्हा दार. मी म्हटलं, "कळलं गं, बोलावते तिला." मला वाटलं होतं, आता एवढं सगळं झाल्यावर ते वाक्य लागणार नाही. लागलं. तितकंच लागलं.

सोबत नवी डिस्क आहे. अगदी कमी वेगावर केली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा बघितली. कुठेही अडकत नाही.

'माफ कर' लिहिणार होते. पण तुझ्या जागी मी असते तर केलं नसतं, म्हणून मागत नाही. रजा मिळाली की ये. आईसाठी ये. माझ्याशी नाही बोललीस तरी तुझं अंथरूण मी घालून ठेवीन.

तुझ्यावर जळणारी, आणि तरी तुझीच,
ताई