नाक आहे तेवढंच

७ जानेवारी १९७२

वाट लागली! जीवशास्त्रीय चित्रांच्या वर्गात शेवंतीबाईंनी मी काढलेला खेकडा सगळ्यांसमोर उचलून धरला. ‘याला पाय किती?’ दहा, म्हटलं, नांग्या धरून. जन्मभर खाल्लेत! ‘ताटलीतल्याला नऊच आहेत. एक तुटलाय. तुम्ही डोक्यातला खेकडा काढलात.’ कॉलेजची पोरं खिदळली. सत्तेचाळीस वर्षांचा व्यंगचित्रकार, अंधेरीतल्या बाकावर अंग चोरून बसलेला – मीही हसलो असतो.

९ जानेवारी

बायकोचं, प्रेमाचं टुमणं – ‘अहो, चित्रांवरच घर चालतंय ना? आता नव्याने काय शिकायचंय?’

तिला काय सांगू? गेल्या महिन्यात नगरसेवक शिवदासराव भेटले. खाडी बुजवून प्लॉट पाडतात, म्हणून दर शनिवारी साप्ताहिकात मी त्यांचं नाक दुधीएवढं काढतो. तर हे पाठीवर थाप मारून म्हणतात – ‘झकास नाक! ओरिजिनल द्या ना, हॉलमध्ये लावतो.’

पंधरा वर्षं मी चावतोय. त्याला गुदगुल्या होतायत!

१४ जानेवारी

शिंपला. पेन्सिल घासून सावली आणायची नाही, शाईचे ठिपके द्यायचे. मान मोडली. पेन्सिलच्या कच्च्या रेघेतच शिंपल्याला हळूच शिवदासरावांचा जबडा आला. बाईंनी खोडरबर पुढे केला. ‘तुमचं मत नकोय. शिंपला हवाय.’

२३ जानेवारी

‘जेवताय की भाकरी तपासताय?’ – प्रेमा.

१ फेब्रुवारी

वर्सोव्याला भरावावर भूमिपूजन. उन्हात उभा राहून काढलं. नारळ फोडणारे शिवदासराव. नाक आहे तेवढंच. अंगठ्या आहेत तेवढ्याच. पायाखालच्या मातीतून वर आलेल्या तिवरांच्या फांद्या. मागे दोन कोळी, होडीला टेकलेले. होडीखाली पाणी नाही. माझ्या पदरची एक रेघ नाही!

संध्याकाळी संपादकाला दिलं. नंदकुमार बघतच राहिला.

‘यात जोक कुठाय रे?’

‘नाहीये.’

‘नाक तरी वाढव यार! असं छापलं तर तो आपल्याला सोडेल?’

‘नाही वाढवणार.’

‘मग पुढच्या शनिवारपासून दुसरा माणूस बघतो. कळतंय ना तुला?’

कळतंय. घरी येऊन टेबलावर नुसतेच ठिपके देत बसलो.

५ फेब्रुवारी

छापलं! शेवटचं म्हणून, असं नंदू म्हणाला.

८ फेब्रुवारी

शिवदासरावांच्या वकिलाची नोटीस. ‘सदर चित्र अतिरंजित असून...’

अतिरंजित! पंधरा वर्षांत पहिल्यांदा.